बाई, बस लागली!

बालमित्रांनो, आज आपण एक गंमत करू या. खाली एका मुलाची छोटीशी हकिगत दिली आहे. पेन्सिल हातात घ्या आणि वाचता वाचता एकच शब्द जिथे जिथे भेटेल तिथे खूण करत जा. कोणता शब्द ते मी सांगणार नाही. तो तुम्हांला आपोआप दिसेल. हं, करा सुरुवात!

"सकाळी जाग आली तेव्हा बाहेर पावसाची झड लागली होती. आई केव्हाच बांधीवर गेली होती. घाईघाईने उठलो, तर उंबऱ्याची ठेच लागली. मनात म्हटलं, बाप रे, शाळा लागायची वेळ झाली! चहा घेतला, तो फिका लागला. भूक लागली होती, पण भाकर खायला वेळ लागला असता, म्हणून तसाच पळत सुटलो. वाटेत कुत्रं मागे लागलं. दम लागेपर्यंत धावलो. शाळेत पोचून बघतो तर काय, फाटकाला कुलूप लागलेलं! तेव्हा कुठे आठवलं, आज रविवार. भिजत भिजत घरी परत यावं लागलं. ताई मला बघून हसू लागली. तिचं हसणं माझ्या मनाला लागलं."

सापडला ना शब्द? बरोबर! 'लागणे'. आता खुणा मोजा पाहू. किती झाल्या? बारा झाल्या असतील तर शाब्बास. कमी भरल्या असतील तर पुन्हा एकदा वाचा. 'लागायची', 'लागेपर्यंत' आणि 'लागलेलं' हे तिघं जरा लपून बसले आहेत.

आता पुढचं काम. बाराही ठिकाणी 'लागणे' काढून दुसरा कोणताही एकच शब्द घालून बघा. जमत नाही ना? झड 'सुरू' होईल, पण ठेच 'सुरू' होणार नाही. चहा फिका 'वाटेल', पण कुलूप 'वाटणार' नाही. म्हणजे दिसायला शब्द एक, पण तो करतो बारा गड्यांची कामं! आणि ही तर नुसती सुरुवात आहे. नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, डोळा लागतो, उचकी लागते, ग्रहण लागतं, सूर लागतो, शोध लागतो, झाडाला फळं लागतात, लाकडाला वाळवी लागते. आजकाल तर फोनसुद्धा लागतो. आणि पुष्कळदा लागतच नाही!

मुळात अर्थ एकच

एवढे सगळे अर्थ आले तरी कुठून? त्यासाठी आपल्याला शब्दाच्या मुळाशी जावं लागेल.

संस्कृतात 'लग्' नावाचा धातू आहे. धातू म्हणजे लोखंड-तांबं नव्हे हं! ज्याच्यापासून क्रियापदं तयार होतात त्या मूळ रूपाला व्याकरणात धातू म्हणतात. 'लग्' म्हणजे चिकटणं, जोडलं जाणं. प्राकृतात त्याचं 'लग्ग' झालं आणि मराठीत आलं 'लागणे'.

आता हा चिकटण्याचा अर्थ हातात धरून वरची वाक्यं पुन्हा बघा. कुलूप दाराला चिकटलं. कुत्रं मुलाच्या पाठीला चिकटलं. दगड पायाला येऊन भिडला, ती ठेच. चव जिभेला भिडली, म्हणून चहा फिका 'लागला'. ताईचं हसणं मनाला जाऊन भिडलं, म्हणून ते मनाला 'लागलं'. पाऊस आभाळाला चिकटूनच बसला, हलायचं नाव घेईना, ती झड 'लागली'. एकेक अर्थ म्हणजे या एकाच झाडाची एकेक फांदी.

याच झाडाचे आणखी फुटवे बघा. घराला 'लागून' शेत असतं. रस्त्याच्या 'लगत' नाली असते. काम 'लगेच' करायचं, म्हणजे आधीच्या क्षणाला चिकटूनच. आजाराची 'लागण' होते. नियम 'लागू' होतो. रोपांची 'लागवड' होते. आणि 'लग्न' हा शब्दही याच घरातला. लग्न म्हणजे जोडलेलं! म्हणूनच एका अर्जाला दुसरा कागद जोडला की त्याला 'संलग्न' म्हणतात. मात्र बैलाच्या वेसणीसारखा घोड्याला असतो तो 'लगाम' या कुटुंबातला नाही बरं का. तो फारसीतून आलेला पाहुणा आहे. दिसायला सारखे असले म्हणजे सगळे शब्द नातेवाईक असतातच असं नाही.

मराठीतले शब्द गोळा करायला माणसांनी किती कष्ट घेतले आहेत! कंपनी सरकारच्या सैन्यातला जेम्स मोल्सवर्थ नावाचा इंग्रज अधिकारी मराठी शिकला. शास्त्री-पंडितांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश तयार केला. तो १८३१ साली मुंबईत छापला गेला. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. पुढे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' तयार केला. त्याचा पहिला भाग १९३२ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या गावच्या वाचनालयात हे जाडजूड ग्रंथ असतील तर एकदा उघडून 'लागणे' काढा. इतर शब्द दोन-चार ओळींत आटोपतात. 'लागणे'ला मात्र ऐसपैस जागा द्यावी लागली आहे!

वाटेत कोण लागतं?

मी राहते मूल गावात. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे जंगल. आमच्याकडे कुणी पाहुणा यायचा असला की आम्ही त्याला वाट कशी सांगतो, ऐका : "चंद्रपूरहून निघालात की आधी चिचपल्ली लागेल. मग बराच वेळ जंगल लागेल. मग मूल. पुढे गेलात तर सावली लागेल, व्याहाड लागेल, मग वैनगंगा लागेल. पूल ओलांडला की गडचिरोली." रेल्वेने नागभीडहून येणार असाल तर सिंदेवाही लागेल, राजोली लागेल आणि मग आमचं स्टेशन, मूल मारोडा.

गंमत बघा. गाव काही चालत येऊन आपल्याला लागत नाही. चालतो आपण. पण बोलताना आपण गावालाच चालवतो! गाडीच्या खिडकीत बसलेल्या मुलाला जसं दिसतं तसंच हे वाक्य आहे. तो जागेवर बसलेला, आणि गावं एकामागून एक येऊन त्याला भेटताहेत.

गाडीवरून आठवलं. एकदा आम्ही मुलांची सहल घेऊन चंद्रपूरला गेलो होतो. गोंडराजांचा परकोट बघितला, महाकालीचं देऊळ बघितलं. एका बसमधून उतरून आम्ही स्थानकावर दुसऱ्या बसची वाट बघत होतो. तेवढ्यात दुसरीतला एक छोटा माझ्याजवळ आला.

"बाई, बस लागली."

मी फलाटाकडे बघितलं. फलाट रिकामा. म्हटलं, "नाही रे राजा, आपली बस साडेचारला लागते. अजून अर्धा तास आहे."

"नाही बाई, लागली!"

"अरे, कुठे आहे? दाखव बरं मला."

त्याने दाखवलं! माझ्या साडीच्या काठावरच दाखवलं. बिचारा मघाच्या बसबद्दल बोलत होता. त्याला बस 'लागली' होती. म्हणजे मळमळत होतं. आणि मी फलाटावर बस शोधत होते!

सगळी मुलं हसली. मीही हसले. पण त्या दिवसापासून एक धडा शिकले. मूल बोलतं तेव्हा शब्द कानावर पडला म्हणजे अर्थ कळलाच असं समजू नये. "बस लागली" आणि "मला बस लागली" यांत फक्त 'मला'चा फरक. घाईत तो 'मला' गिळला, आणि बाईंची साडी गेली!

भूक कुणाची?

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, चिंचेच्या गोळीएवढंच आहे!

मुलगा म्हणतो, "मला भूक लागली." मुलगीही म्हणते, "मला भूक लागली." मग मुलगा "मला भूक लागला" असं का म्हणत नाही? तो तर मुलगा आहे ना?

कारण या वाक्यात कर्ता तो नाहीच. कर्ता आहे भूक! भूक स्त्रीलिंगी, म्हणून लागली. दम पुल्लिंगी, म्हणून दम लागला. ऊन नपुंसकलिंगी, म्हणून ऊन लागलं. आपण नुसते 'मला' होऊन बाजूला उभे. भूक येते आणि आपल्याला चिकटते, असं मराठी म्हणते.

सगळ्या भाषा असं म्हणत नाहीत बरं. इंग्रजी मूल म्हणतं, "आय ॲम हंग्री", म्हणजे मी भुकेला आहे. तिथे कर्ता 'मी'. जर्मनीतलं मूल म्हणतं, "इश हाबे हुंगर", म्हणजे शब्दशः माझ्याकडे भूक आहे! जणू काही खिशात पेन आहे तशी भूक आहे. पोट तिघांचंही सारखंच रिकामं. पण सांगायची तऱ्हा किती वेगवेगळी.

डी.एड्.ला असताना माझ्या हाती जर्मन शिकवणारं एक जुनं पुस्तक लागलं होतं. त्यात एक क्रियापद होतं, 'लासन'. मला ते आपल्या 'लागणे'चं मावसभावंड वाटलं. नात्याने नव्हे हं, स्वभावाने. 'लास दास!' म्हणजे राहू दे ते. छत्री कुठेतरी विसरून आलो, तर ती तिथे 'लासन' केली. चला, जाऊ या असं म्हणायचं तरी 'लासन'. आणि न्हाव्याकडून केस कापून घेतले, तरीही 'लासन'! शेवटी मुलांनो, प्रत्येक भाषेच्या घरात असा एखादा गडी असतोच. त्याला कुठलंही काम सांगा, तो नाही म्हणत नाही. आणि परक्या माणसाची सगळ्यांत जास्त फजिती करतो तोच. अवघड शब्द कोशात बघून कळतो. सोपा शब्द मात्र त्या भाषेत राहूनच कळतो.

लागला की लावला?

'लागणे'चा एक सख्खा भाऊ आहे, 'लावणे'. दिवा लागला आणि दिवा लावला. दार लागलं आणि दार लावलं. आपोआप झालं ते लागलं. कुणीतरी केलं ते लावलं.

फरक एका अक्षराचा. पण हे एक अक्षर फार मोलाचं आहे. कसं ते सांगते.

उन्हाळ्यात आमच्या भागातलं जंगल वाळून कडकडीत होतं. साग, मोह, तेंदू, सगळ्यांचा पाचोळा जमिनीवर अंथरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. ती वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतं. कुणी जळती विडी टाकून देतं. ठिणगी पसरते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, "जंगलाला वणवा लागला."

लागला? की कुणी लावला?

आपल्याकडच्या जंगलातले बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. 'लागला' म्हटलं की तो हात वाक्यातून नाहीसा होतो. मग दोष कुणाचाच नाही. जळालेल्या घरट्यांना, ससुल्यांना, कासवांना मात्र हे व्याकरण कळत नाही.

घरातही बघा ना. "बाबा, धक्का लागला आणि बरणी पडली." धक्का लागला खरा, पण कुणाचा? "माझा धक्का लागला" असं पूर्ण वाक्य म्हणायला थोडं धैर्य लागतं. एकदा म्हणून बघा. बरणी जोडली जाणार नाही, पण बाबांचा राग निम्मा होईल. हा माझा अनुभव आहे. कारण मोठी माणसंही हे अर्धं वाक्य वापरतात. मीसुद्धा वापरलं आहे. ती गोष्ट पुढे येतेच आहे.

शेजारच्या घरी

आमच्या वर्गात मराठी एकटी राहत नाही. बहुतेक मुलांच्या घरी झाडीपट्टीची बोली. ती म्हणतात, "मले भूक लागली", "मले घरी जा लागते." पुस्तकात असतं, "मला घरी जावं लागतं." दोन्ही गोड. एक घरचं, एक पुस्तकातलं. मुलांना मी सांगते, घरचं सोडायचं नाही आणि पुस्तकातलं शिकायचं राहू द्यायचं नाही.

काही मुलं हिंदी बोलणारी. ती म्हणतात, "मला भीती लागते", "मला चांगलं लागतं." कारण हिंदीत भूकही 'लगती है' आणि डरही 'लगता है'. मराठीने मात्र वाटणी केली आहे. भूक, तहान, झोप या शरीराच्या गोष्टी ठेवल्या 'लागणे'कडे. भीती, लाज, आनंद, वाईट या मनाच्या गोष्टी दिल्या 'वाटणे'ला. आंबा गोड 'लागतो', पण आंबा बघून छान 'वाटतं'.

गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी या भागांत बंगाली कुटुंबांची गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासित होऊन आलेली ही माणसं. त्यांच्या बंगालीतही हा शब्द आहे. एखादी गोष्ट आवडली की ते म्हणतात, "भालो लागे". हजार मैलांवरून आलेल्या माणसाच्या तोंडी आपलाच शब्द!

आणि काही मुलं गोंडी बोलणारी. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा. ती तेलुगू, कन्नड, तमिळ यांची नातलग. हिंदी किंवा बंगाली बोलणारं मूल 'लागणे'ची ओळख घरूनच घेऊन येतं. गोंडी बोलणाऱ्या मुलाला मात्र हा शब्द पहिल्या पायरीपासून शिकावा लागतो. बारा अर्थ, बारा पायऱ्या. आणि त्या चढताना कुणी खाली ढकललं तर?

ढकललं होतं. मीच.

लाल रेघ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीच्या वर्गात मी 'लागणे'ची वाक्यं लिहायला दिली होती. वर्गात एक नवी मुलगी होती. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका खेड्यातून शिकायला मामाकडे आलेली. घरची भाषा गोंडी. वर्गात ती फार बोलत नसे.

तिने पाच वाक्यं लिहिली होती. चार बरोबर होती. पाचवं होतं :

"मला आजी लागते."

मी नात्यांची वाक्यं शिकवली होती. तो माझा काका लागतो, ती माझी आत्या लागते. मला वाटलं, हिचा गोंधळ झाला. मी लाल पेनाने वाक्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं : "ती माझी आजी लागते." पाचापैकी चार गुण.

वही घेऊन ती जागेवर गेली. मधल्या सुट्टीत मुलं डबे खायला बाहेर पळाली. ती मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली,

"बाई, आजी माझी आजी लागते. ते मला माहीत आहे."

"मग?"

"पण मला आजी लागते. झोपताना."

मी वहीकडे बघितलं. आपण म्हणतो ना, बाळाला झोपताना गोधडी लागते, आजोबांना वाचताना चष्मा लागतो, तसंच तिचं वाक्य होतं. अगदी शुद्ध, अगदी नेमकं. त्यात एक काना-मात्रेची चूक नव्हती.

मी विचारलं, "आजीशी फोनवर बोलत नाहीस का गं?"

ती म्हणाली, "तिकडे फोन लागत नाही."

मुलांनो, त्या दिवशी मला कळलं की तिला 'लागणे' माझ्यापेक्षा जास्त येत होतं. मी मनाशी म्हणाले, "माझ्याकडून रेघ लागली." आणि लगेच स्वतःला थांबवलं. लागली नाही, मी लावली. तिच्या देखत मी ते लाल वाक्य खोडलं, बाजूला 'बरोबर' लिहिलं आणि पाचापैकी पाच गुण दिले. पुढच्या तासाला वर्गात सांगितलं, "आज बाईंची चूक झाली." काय चूक झाली, ते तिला विचारूनच सांगितलं.

मग सगळ्या वर्गाला एकच विषय दिला : 'मला काय लागतं?' एकाने लिहिलं, मला झोपताना दिवा लागतो. एकीने लिहिलं, मला चहात दोन चमचे साखर लागते. एकाने लिहिलं, मला बाबा लागतात, पण ते कामाला दूर गेले आहेत. ज्याला आम्ही खोडकर म्हणत होतो, तोच तो मुलगा. एका क्रियापदाने मला तीस घरांची दारं उघडून दाखवली.

पालकहो, तुमच्याशीही दोन शब्द

मूल चुकीचं बोललं की आपण पटकन दुरुस्त करतो. करायला हवंच. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही : "तुला काय म्हणायचं आहे?" कधी चूक त्याची असेल, कधी आपली. आणि घरात एक भाषा, शाळेत दुसरी, अशी कसरत करणारं मूल मंद नसतं. ते एका वेळी दोन दोरांवर चालत असतं.

लागलं, लागलो, लागले

आता शेवटचा धडा. 'लागणे' दुसऱ्या क्रियापदाला चिकटलं की काय जादू करतं बघा.

"मला वाचावं लागलं." यात सक्ती आहे. परीक्षा आहे, आई मागे उभी आहे.

"मी वाचू लागलो." यात सुरुवात आहे. पुस्तक उघडलं, आणि वाचन सुरू झालं.

"मी धाकट्या भावाला वाचू लागलो." आणि यात? यात मदत आहे! त्याला एकट्याला जमत नव्हतं, मी सोबत केली. आई हाक मारते, "जरा भाजी निवडू लाग गं." म्हणजे भाजी निवडायला मला मदत कर. एवढा मोठा अर्थ मराठी 'लाग' या दोन अक्षरांत सांगते. हाताला हात चिकटला की ती मदत. म्हणजे पुन्हा तोच जुना 'लग्'!

या तीन वाक्यांत शाळेचा सगळा प्रवास आहे असं मला वाटतं. आधी शिकावं लागतं. मग आपण शिकू लागतो. आणि एक दिवस दुसऱ्याला शिकू लागतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, विचारता? दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली. आमच्याकडे तेव्हा धानाची कापणी चालू असते. सुट्टी संपली, शाळा पुन्हा लागली. मी 'माझी सुट्टी' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. तिच्या वहीत शेवटची ओळ होती :

"मी आजीला धानाचे भारे बांधू लागले."

या वेळी मी लाल पेनाचं टोपण उघडलंच नाही.

खेळ : ओळखा पाहू!

खालच्या वाक्यांत 'लागणे'चा अर्थ काय? उत्तरं खाली दिली आहेत, पण आधी आपलं डोकं चालवा.

१. आजोबांचा नुकताच डोळा लागला.
२. टॉकीजला नवा पिक्चर लागला.
३. ही किल्ली या कुलपाला लागत नाही.
४. दोन दिवस शोधलं, तेव्हा वासराचा पत्ता लागला.
५. नव्या बाईंचा मुलांना लळा लागला.
६. ती तुझी कोण लागते?
७. ओझं जड आहे, जरा उचलू लाग.
८. अती लाड केले की मुलाला वाईट सवय लागते.

उत्तरं : १. झोप आली. २. दाखवायला सुरुवात झाली. ३. बसत नाही. ४. कळला, सापडला. ५. माया जडली. ६. नात्याने कोण आहे? ७. उचलायला मदत कर. ८. जडते.

आठही बरोबर आली? मग आता घरातल्या मोठ्यांना कामाला लावा. जेवताना प्रत्येकाने 'लागणे'चं एकेक वाक्य सांगायचं. आधीचा अर्थ पुन्हा यायचा नाही. अडला तो बाद! बघा, तुमच्या घरी आकडा कुठपर्यंत जातो. आणि खेळ संपला की एकमेकांना एवढं जरूर विचारा, "तुला काय लागतं रे?"